सेन्सर तुटला तरी स्क्रीन हिरवी

सकाळचे सात. नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीमधल्या एका छोट्या केमिकल कारखान्याचं गेट. रात्रपाळी सुटत होती.

आम्ही वार्ताहर बातमी छापतो, लोक ती विसरतात. छापता येत नाहीत ते किस्से मात्र साचत जातात. या एका कारखान्याचेच माझ्याकडे इतके साचलेत की बस!

तर गेटातून दामूदादा डोळे पुसत बाहेर आले. जवळच्या सारसोळे गावचे, जुने ऑपरेटर. गॅसचा उग्र वास रस्त्यापर्यंत येत होता.

"कंट्रोल रूमची स्क्रीन काय दाखवते, दादा?"

"हिरवी हाय. सगलं ओक्के! खोकला आमचाच फॉल्ट!"

*

गॅसच्या सेन्सरचे आकडे वाचणारा प्रोग्रॅम फुकटचा, कोणीही वापरावा असा. तो सांभाळतो सीवूड्सचा अमेय, नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी. मी त्याला गाठलं.

"त्यात चूक होती," तो सरळ म्हणाला. "वायर तुटली तर शेवटचा आकडाच दिसत राहायचा. नव्या आवृत्तीत मी ती दुरुस्त केली. पण तो प्रोग्रॅम ज्या पायथॉन भाषेत लिहिलाय, तिची कारखान्याच्या कॉम्प्युटरवरची आवृत्ती जुनी आहे; त्यावर हा नवा चालत नाही. तसं आधी जाहीर केलं होतं."

"जुन्यातही दुरुस्त करायची होतीस!"

"काका, एकटा माणूस दोन घरं किती दिवस झाडणार?"

*

तरीही त्याने कारखान्याला कळवलं होतं. मॅनेजरचं उत्तर आलं : "तुमचा प्रोग्रॅम आमच्याकडे चाललाच पाहिजे. तातडीने करा. रविवारी केलंत तरी आमची हरकत नाही."

हरकत नाही! जसा काही हा यांचा पगारी नोकर!

अमेयने लिहिलं, "तुमचा एक माणूस द्या. कॉम्प्युटर नवा कसा करायचा ते शिकवतो."

माणूस काही कोणी पाठवला नाही.

*

मग मी मॅनेजरच्या केबिनमध्ये. सिस्टीम बसवणारा कॉन्ट्रॅक्टर केव्हाच गाशा गुंडाळून गेलेला.

"चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" मॅनेजर म्हणाले.

खरंच, त्या कॉम्प्युटरला वर्षातून एकदाच हात लागतो. खंडेनवमीला. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. कीबोर्डच्या फटीत अक्षता अजून दिसतात.

"आत माणसं आहेत, साहेब," मी म्हटलं.

"तुम्हाला बातमी पाहिजे, मला प्रॉडक्शन. चहा घेणार?"

घेतला नाही.

*

त्यानंतर एके दिवशी सरकारी सुरक्षा तपासणी झाली. अधिकारी स्क्रीनसमोर उभे राहिले. हिरवी! "उत्तम ठेवलंय," म्हणाले आणि कारखाना पास करून गेले.

त्याच संध्याकाळी दामूदादा कामावर निघालेले भेटले. मी विचारलं, "निदान आज तरी सेन्सरची वायर जोडलेली होती का?"

"वायर?" दादा थांबले. "सेन्सरच नव्हता जागेवर. दुरुस्तीला धाडलाय. अजून आला नाय."