आठ दिवसांचा पेशंट

सौंदडच्या दंडारीत बाईचं काम करावं तर योगराजनंच, यावर आमच्या गावात कुणी वाद घालत नाही. एरवी गुडघाभर चिखलात रोवणी करणारा धानाचा शेतकरी. पण मंडईच्या दिवशी लुगडं नेसून, नथ घालून उभा राहिला की म्हाताऱ्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून बघत बसतात. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथं दंडार हे आमचं नाचगाण्याचं नाटक होतं, आणि त्यात बायांची कामं पुरुषच करतात. गावातल्या बायका आपलं ठेवणीतलं लुगडं आपणहून योगराजच्या घरी आणून देतात. नेसवते मात्र त्याची बायको मंजू. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नाही.

मी त्याच दंडारीत ढोलकी वाजवतो, आणि घरही त्याच्या शेजारीच. त्यामुळे त्याला चिडवणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुणी 'अर्धी बाई' म्हणालं की योगराज कमरेवर हात ठेवून असं काही उत्तर देई की चिडवणाराच खाली मान घालून निघून जाई. त्याला ते लागत नसे, कारण त्यात खरं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास आंघोळ करताना नाजूक जागी त्याच्या हाताला गाठ लागली. डॉक्टर त्या जागेला वृषण म्हणतात. आम्ही काय म्हणतो ते इथं लिहीत नाही. सुपारीएवढी, टणक, आणि दुखत अजिबात नव्हती. शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला असता. योगराजनं स्वतःच निदान केलं. लुगड्याखाली इतकी वर्षं आपण करकचून लंगोट बांधतो, त्यानंच हे झालं. आता बाईचं काम सोडलं की गाठ आपोआप जिरेल. असला इलाज आमच्या योगराजलाच सुचू शकतो. डॉक्टरकडे जायचं म्हणजे गावाला कळणार, आणि कळलं की त्या जुन्या थट्टेला कमरेवर हात ठेवून उत्तर देता येणार नाही, ही खरी भीती होती.

शब्द दिला होता म्हणून त्या वर्षीची मंडई त्यानं निभावली. मला आठवतं, लुगडं जरा ओघळल्यासारखं दिसत होतं. मी मंजूला म्हणालोसुद्धा, "वहिनी, काष्टा सैल बांधला काय?"

"घाई झाली," ती म्हणाली.

मंडई आटोपली आणि योगराजनं जाहीर केलं, यापुढे आपण काम करणार नाही. आमच्या मंडळाचे प्रमुख दुर्गाप्रसाद जाम भडकले. गाव म्हणालं, याला मस्ती आली. मीही म्हणालो.

गाठ काही जिरली नाही. होळीनंतर कंबर धरली, धानाचं पोतं उचलेना, आणि मग कुठं तो गोंदियाला डॉक्टरकडे गेला. त्यांनी तपासलं आणि लागलीच नागपूरला पाठवलं. तिथं ऑपरेशन करून एक बाजू काढून टाकली. कॅन्सर पोटातल्या गाठींपर्यंत गेला होता, म्हणून पुढे केमो सुरू झाली. गावात सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डोक्यावरचे केस गेले तेव्हा सांगितलं, वरून टायफॉइड झाला. आम्ही गाढव, आम्हाला पटलं.

नागपूरच्या त्या दवाखान्यात मूत्ररोग विभागात डॉक्टर रुचिका म्हणून तरुण मुलगी होती. खेड्यातली माणसं ही गाठ घेऊन उशिरा का येतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. हा कॅन्सर बहुधा बरा होतो, उशिरा येऊनही बरे होणारे असतात, पण लवकर आलं तर हाल कितीतरी कमी होतात, असं ती प्रत्येकाला समजावून सांगे. ऑपरेशनच्या आधी तिनं योगराजला विचारलं, "भाऊ, गाठ पहिल्यांदा कधी जाणवली?"

समोर परकी पोरगी, शेजारी स्टुलावर मंजू. योगराज म्हणाला, "आठ दिवस झाले असतीन."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण अंगात दंडार भिनलेली. "मॅडम, मी रोज आंघोर करतो, मले समजला नसता काय? काईच नव्हता. एकदम उगवली!" असं म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला. मंजू फरशीकडे बघत राहिली.

काम इतकं झकास झालं की रुचिकाला ते खरं वाटलं. आठ दिवसांत गाठ येऊन पोटापर्यंत पोचते म्हणजे काय! तिनं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते शिकणाऱ्या डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. पुढे प्रत्येक तपासणीला हेच. पडदा सरकायचा, पाच-सहा नवे चेहरे आत यायचे, "हेच का ते आठ दिवसांचे पेशंट?" म्हणायचे, आणि चादर वर व्हायची. त्यात पोरीही असायच्या. याला विचारून जादा रक्तही घ्यायचे. आणि नको म्हणायला याला तोंड कुठं होतं! आपलं दुखणं गावाला दिसू नये म्हणून जो माणूस आठ महिने गप्प बसला, त्याला आता अर्धं नागपूर बघून जात होतं.

"उघडा पडलो याची लाज नाई वाटली," योगराज मला पुढे म्हणाला. "ते पोरगी माया लबाडीवर मेहनत करून राहिली होती ना, तिच्याकडे पाहवे नाई. तोंड लपवावा कुठी, असा होऊन जाय."

केमो संपली, रिपोर्ट चांगले आले. दिवाळीच्या आधी मंजूला घेऊन तपासणीला गेला तेव्हा रुचिका उत्साहानं म्हणाली, "योगराजभाऊ, डॉक्टरांच्या सभेत मी तुमची केस मांडणार आहे. लवकर या, लवकर या, असं मी गावोगाव सांगत होते. पण तुम्ही तर आठ दिवसांत आलात, तरी एवढं पसरलेलं. लवकर येऊनही काही जणांना उपयोग होत नाही, असं आता म्हणावं लागेल."

योगराजच्या मनात आलं, आपल्यासारखाच कुणीतरी आपली गाठ दाबून घरी बसलेला असणार. लवकर जाऊन तरी काय उपयोग, हे त्यानं ऐकलं तर तो बसूनच राहणार.

"मॅडम," तो म्हणाला, "आठ दिवस नाई. आठ महिने."

रुचिका रागावली नाही. बाहेर जमू लागलेल्या शिकाऊ पोरांना तिनं परत पाठवलं, पडदा ओढला आणि खुर्ची जवळ घेतली.

"का थांबलात?"

दुनियेच्या थट्टेला कमरेवर हात ठेवून उत्तर देणाऱ्या योगराजनं ते हात मांडीवर दाबून धरले. म्हणाला, "गाव हासला असता. लुगडा नेसते मनून असा झाला, असा म्हनला असता. आन मले बी तसाच वाटे."

"लुगड्यानं असलं काही होत नाही," ती म्हणाली. "घरात तरी कुणाला सांगितलंत?"

"कोनालेच नाई. हिले बी नाई."

इतक्या महिन्यांत मंजू त्या खोलीत एक शब्द बोलली नव्हती.

"मले माहीत होता," ती म्हणाली.

योगराजनं वळून पाहिलं.

"मंडईले नेसवताना हाताले लागली. तुमी दचकले. मंग मी काष्टा सैल केला." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मले वाटला, मी बोलली तं तुमाले लाज वाटन. आज बोलीन, उद्या बोलीन, करता करता तुमाले पोता उचलेना. तुमी आठ दिवस म्हनले ना, तवा बी मी चूप बसली. मले तं तुमच्याहून जास्त लाज वाटते."

त्या दिवशी ते दोघं एसटीनं परतले. एका घरात, एका बाजेवर, एकच गोष्ट दोघांनी एकमेकांपासून लपवली होती. "ऑपरेशनपेक्षा तो रस्ता भारी गेला," योगराज म्हणतो. हे सगळं त्यानं बांधावर बसून मला सांगितलं, आणि वर म्हणाला, गावाला तूच सांग, माझ्या तोंडून निघत नाही. दुर्गाप्रसादांना मी सांगितलं. ते भडकले नाहीत; त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

त्या दिवशी परतताना एसटीतून साकोली मागे पडल्यावर योगराज खिडकीबाहेर बघत म्हणाला, "यंदा दंडारीत उभा राहीन मनतो. काष्टा घट्ट बांधजो."

मंजू म्हणाली, "आंदी विचारीन, दुखते का. मंग बांधीन."