मामाजींची लंका आणि माझा बोजारा

ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर असं, की किराण्याची यादी दुकानदार मलाच वाचायला लावतो. (कधीकधी मलाही लागत नाही. मग आम्ही दोघं मिळून अंदाज बांधतो.)

तर, मागच्या तान्ह्या पोळ्याला मी अख्खी श्रीलंका वाटून टाकली.

लंका मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते यात्रा कंपनीत आचारी होते. यात्रेकरूंसोबत चारदा लंकेला गेले आणि दर वेळी तिथली जुनी-नवी नाणी घेऊन आले. ताडाचं झाड असलेलं तांब्याचं, चौकोनी, लाटेसारख्या काठाचं, पिवळंधम्मक पाच रुपयांचं. एकूण सतरा! "पहिले नाण्यावर राजाचं तोंड होतं. मंग राजा गेला, सिंह आला," असा इतिहास ते रोज सांगत. ऐकायला घरात मी एकटी, तीही चुलीकडे तोंड करून. वीस वर्षांत मी त्यांच्याशी "चहा ठेवला" याच्या पुढे बोलले नव्हते.

अशात तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गावच्या शाळेतल्या गुरुजींनी त्यांना निरोप धाडला : उद्या नाणी घेऊन या, पोरांना माहिती सांगा. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी ऐकायला बोलावलं! मामाजींनी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली, नाणी फाटक्या वहीतून काढून स्टीलच्या वाटीत ठेवली आणि नाणी लावायची नवी वही आणायला गोंदियाला गेले.

ती वाटी माझ्या लग्नात आलेल्या सहा वाट्यांपैकी. तशाच दुसऱ्या वाटीत मी बोजाऱ्याची चिल्लर ठेवली होती. (हसू नका, अजून सुरुवात आहे.)

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार येतात. बैलाला टिळा लावायचा, ओवाळायचं, लेकराच्या हातावर पैसे ठेवायचे. तो बोजारा. मी इतकी लाजरी, की पोरांसमोरही मान वर करत नाही. वाटीत हात घातला, पैसे दिले, मान खाली. हनुमंताला लंका जाळायला शेपूट लागलं. मी ती नुसत्या हातानं वीस मिनिटांत संपवली!

तासाभरात शेजारची भाग्रताबाई दारात.

"काऊन व, लेकरायले खोटे पैसे देऊन राहिली का? दुकानवाला म्हणते, 'ये कौन-से देश का माल है?'"

मी वाट्या पाहिल्या. एक रिकामी. दुसरीत चिल्लर जशीच्या तशी!

"मामाजींची लंका गेली व!" मला रडूच फुटलं. "उद्या शाळेत काय दाखवतील?"

"रडून का होते? घरोघरी जा, माग."

"मी? बोलू? घरोघरी?"

"तोंड नसन उघडत त हा बैल ने. लोक आपसूकच विचारतीन." असं म्हणून तिनं नातीचा कपाळभर कुंकू माखलेला बैल माझ्या हातात कोंबला.

लोकांनी काही विचारलं नाही! पहिल्या घरच्या वहिनीनं मला वरून खाली पाहिलं, बैलाला टिळा लावला, आणि माझ्या हातावर पाचाचं नाणं ठेवलं. मी मान खाली घालून घेतलं. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "चाळिशी आली व बाई, आता त सोड!"

मागे पोरांची वरात लागली. चौथ्या दारी घाबरून माझ्या तोंडून एकदम निघालं, "माझे सिंह द्या!"

मग मी जी सुटले! राजा, ताड, सिंह, चौकोनी कोणतं, लाटेचं कोणतं. वीस वर्षं पाठमोरी ऐकलेला सगळा इतिहास भर रस्त्यात! पोरं धावत घरी गेली, नाणी आणली, बदल्यात माझ्या पदरात बांधलेली खरी चिल्लर घेऊन गेली. चौदा, पंधरा, सोळा...

सतरावं येईना. ताडाचं, सगळ्यात जुनं! आणि मागून आवाज आला :

"राजा कोणत्या बाजूले पाहे, ते नाही सांगतलं, सूनबाई."

मामाजी! हातात नवी वही. मी बैल छातीशी धरला. "सोळाच आहेत," एवढंच मी म्हणाले. (चहा सोडून बोललेलं पहिलं वाक्य!)

मामाजींनी बैलाकडे पाहिलं, कपाळावर गोल उंचवटा दिसला. मग नखानं त्याच्या कपाळावरचं कुंकू खरवडलं. आतून ताडाचं झाड निघालं! भाग्रताबाईच्या नातीनं गोंदानं चिकटवलं होतं. जे शोधत होते, ते मीच गावभर मिरवत होते!

मामाजी हसले. गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत सतराच्या सतरा नाणी दाखवून झाली. मामाजी तासभर बोलले, आणि एकही पोर उठलं नाही.

शाळेतून परतताना मी त्या पहिल्या दोन घरी गेले आणि पाच-पाच रुपयांचा बोजारा पूर्ण परत केला. दोघींनीही घेण्याआधी नाणं उलटंसुलटं करून, उजेडात धरून नीट पाहिलं!