धुराकडे पाठ

कुठलंही यंत्र सुरू झालं की काका मान तिरपी करायचे, एक डोळा मिटायचे आणि चिमटीत धरल्यासारखा एक न दिसणारा स्क्रू हवेत फिरवायचे. "मास्तर, अजून थोडसंक आवळू काय?" समोर माझी स्कूटर असो की काकूंचा मिक्सर, प्रश्न तोच.

नागपुरात ते माझे शेजारी होते. उभा जन्म वीजकेंद्रात, बॉयलरवर गेलेला. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात. यांनी रिमोटवर चालणारी हातभर लांबीची बोट घेतली. तीही बॅटरीवर धावणारी नाही, नायट्रोच्या इंधनावर चालणाऱ्या इवल्याशा इंजिनाची. अंगणात पहिल्यांदा सुरू केली, तेव्हा समोरच्या आजी गच्चीवरचे पापड टाकून रस्त्यावर आल्या.

काकांना वेग हवा होता, बाकी काही नाही. त्यासाठी बोटीचा पाण्यातला पंखा कानशीने घासून झाला, बोटीतलं वजन मागे सरकवून झालं. पण खरी मेख एका स्क्रूत होती. तो आवळला की इंजिनाला इंधन कमी जातं आणि बोट सुसाट सुटते. जास्त आवळला की इंजिन तापून बंद. इंधनातच तेल असतं, म्हणून मागे धुराची रेघ दिसलीच पाहिजे, असं माहितीपुस्तकात लिहिलं होतं. काकांनी ते पान तीनदा वाचलं होतं.

दर रविवारी आम्ही शहराबाहेरच्या तलावावर जायचो. स्कूटरवर मागे काका, मांडीवर बोट, गळ्यात ट्रकच्या चाकाची ट्यूब. तलावाच्या मध्यावर शिंगाडेवाल्यांनी रोवलेला बांबू होता. त्याला वळसा घालून बोटीने एकदा तरी पूर्ण वेगात परत यावं, एवढंच त्यांचं मागणं. बोट सुटायची, धूर दिसायचा आणि काकांचा चेहरा कसनुसा व्हायचा. लगेच तिला काठाला बोलावून स्क्रू आवळायचे. "आता पाहा, धुराचं नाव नाही!" मग ती बिनधुराची बोट बांबूपाशी जाऊन मरायची. काका ट्यूबमध्ये बसून, काकूंच्या कपडे धुण्याच्या मोगरीने पाणी मारत तिला आणायला निघायचे. शिंगाडेवाले काम सोडून बघत बसायचे.

"काहून बंद पडते गा ही?" भिजलेले काका मला विचारायचे. मी विज्ञानाचा मास्तर. मीही मान हलवायचो.

पुढे काका-काकूंचं मुलीकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं. काकूंनी सामानाची वाटणी केली. "जे चालत नाही, ते पुण्याले येत नाही," असं म्हणून त्यांनी बोट भंगाराच्या ढिगावर ठेवली. काकांनी कशीबशी एका रविवारची मुदत मिळवली. त्या सकाळी त्यांनी समोर आलेला चहा परत केला.

तलावावर काकू स्वतः आल्या. दोनदा बोट मेलेली पाहिली आणि म्हणाल्या, "मास्तर, चिमणीतून धूर निघाला की साहेब यांच्यावर ओरडे. जन्मभर धूर दाबून राहिले हे. आता धूर दिसला का यांचा हात आपोआप आवळते."

काकांनी स्क्रू सैल केला, कधी नव्हे तो रिमोट माझ्या हाती दिला आणि तलावाकडे पाठ करून उभे राहिले.

बोट सुटली.

"धूर हाय काय?"

"आहे, काका."

"किती?"

"भरपूर."

"अरे देवा!" त्यांची चिमूट हवेत फिरायला लागली. काकूंनी तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. बोट बांबूला वळली, शिंगाडेवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि पाणी उडवत ती थेट काठाशी आली. इंजिनाचा आवाज थांबला.

"पडली ना बंद?" काका पाठमोरेच म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

"नाही, काका. आली परत. मी बंद केली."

ते वळले तेव्हा सगळं झालं होतं. तलावावर त्या दिवशी जो तो पाहून गेला. पाहिलं नाही ते एकट्या काकांनी.

बोट पुण्याला गेली, काकांच्या मांडीवर बसून. तिथे तलाव जवळ नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो. "मास्तर, कशी गेली होती, सांगा ना." मी बांबूपासून सगळं सांगतो. ते मध्येच हळूच विचारतात, "धूर किती होता?"

मला त्यांची फार आठवण येते. त्यांना बरं वाटावं म्हणून दर रविवारी मी धूर थोडा कमी करून सांगतो.