पोटात राहिलेली लाइट

लातूरमध्ये मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवीत असे, आणि दर वर्षी पहिल्याच आठवड्यात त्यांचा एक शब्द दुरुस्त करीत असे. आमच्याकडे दिवा, वीजपुरवठा, विद्युतप्रवाह आणि विद्युतप्रभार या चारही गोष्टींना मिळून एकच शब्द आहे: लाइट. लाइट आली, लाइट गेली, लाइटीचा झटका बसला. मी फळ्यावर चार शब्द लिहायचो, प्रत्येकाखाली रेघ ओढायचो आणि सांगायचो, ‘हे चार ज्याला वेगळे करता येत नाहीत, त्याने पुढच्या धड्याला हात लावू नये.’ चाकूर-नायगावकडून क्लासेससाठी आलेली मुले मान खाली घालून ते वहीत उतरवून घेत.

माझ्या घरी माझी थोरली बहीण राहते. तिला आम्ही आक्का म्हणतो. औशाकडच्या तिच्या सासरच्या गावाला भूकंपाने जमीनदोस्त केले, तेव्हा मी नांदेडच्या एका शाळेत शिक्षक होतो. ढिगाऱ्याखालून आक्काला काढता आले, तिच्या यजमानांना नाही. तिचा डावा हात कोपरात मोडला होता, तो वाकडाच जुळला. त्या हाताने वजन पेलत नाही. माझी पत्नी लवकर गेल्यामुळे माझ्या मुलीला आक्कानेच वाढवले, असे एका हाताने. मुलगी पुढे लातूरला माझ्याच वर्गात शिकली आणि नांदेडला डॉक्टर झाली.

तिनेच आत्यासाठी मायक्रोवेव्ह आणला. त्यामागे विचार होता. आमच्या वरच्या दोन खोल्यांत क्लासेसच्या चार मुली राहत आणि त्यांचे डबे आक्का करी. सांडशीने गरम पातेले उतरवायला दोन धड हात लागतात. काचेचा वाडगा ओव्हनमध्ये सरकवायला एक पुरतो. आक्का महिन्याभरात त्यात पटाईत झाली. मी सहज त्याची बटणे पाहू लागलो तरी ती म्हणायची, “मास्तर, हा माझा डावा हात हाय. त्याला तू हात लावू नगंस.”

एक दिवस तो डावा हात बिघडला. आत दिवा लागे, तबकडी फिरे, पाणी मात्र थंडच राही. बाजारातल्या गोलाईजवळ एक वयस्कर मिस्त्री अशी कामे करतो. त्याच्याकडे नेणे सहज शक्य होते. पण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने घरचे यंत्र दुसऱ्याकडे घेऊन जावे, हे मला कमीपणाचे वाटले.

मी पद्धतशीर काम केले, असे तेव्हा मला वाटत होते. जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडे घालून त्यावर एकेक स्क्रू क्रमाने ठेवला. वरचे झाकण काढले. मग दोष दिसतो का हे पाहण्यासाठी, झाकण उघडे असतानाच ओव्हन चालू केला. हे करू नये. मी चाललेल्या ओव्हनकडे पाहत असतानाच दुपारचे भारनियमन सुरू झाले. पंखा थांबला, तबकडी थांबली.

मला बरेच वाटले. आमच्याकडे बोर्डाची, पंख्याची, मोटारीची सगळी डागडुजी लाइट गेल्यावरच करतात. वडील तसे करीत, शेजारी तसे करतात. आतली एक जाड तार आड येत होती. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात पक्कड असल्याने मी आक्काला हाक मारली.

“ती लाल तार जरा बाजूला धर.”

आक्का जवळ आली आणि थबकली. “करंट-बिरंट न्हाई न्हवं त्यात?”

“आक्का, लाइट गेलीये. पंखा बंद दिसत नाही का तुला?”

“तसं न्हाई, पर एकडाव बघून घे की रं.”

“मी तीस वर्षं हेच शिकवतोय. धर बिनधास्त.”

तिने उजवा हात आत घातला. फट्‌ असा आवाज झाला आणि ती मागे कणगीवर जाऊन आदळली.

काय घडले ते सांगायला मला आज एक मिनिट पुरेल. ओव्हनमध्ये एक कपॅसिटर असतो. तो प्रभार साठवून ठेवतो. पुरवठा बंद झाला म्हणजे तो प्रभार संपला, असे नसते. तो आधी मुद्दाम, योग्य रीतीने काढून टाकावा लागतो. हे वाक्य मी दर वर्षी मुलांना लिहून देत असे आणि परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न विचारीत असे. त्या दुपारी माझ्या तोंडून वाक्य निघाले ते मात्र ‘लाइट गेलीये’.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे आक्का माझ्या खांद्याला धरून चालत गेली. दोन बोटांवर पांढरे डाग पडले होते, हात मनगटापर्यंत बधिर होता. डॉक्टर माझेच विद्यार्थी. त्यांनी विचारले, “सर, हे कसं झालं?”

मी तोंड उघडण्याआधी आक्का म्हणाली, “माझंच चुकलं बाबा. मीच हात घातला.”

इथे मी गप्प राहिलो असतो, तरी तो अपराध झाला असता. मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, “मी नको म्हणत होतो.”

आक्काने माझ्याकडे पाहिले आणि मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली.

तिच्या हृदयाला काही झाले नाही. बोटांना तीन आठवड्यांनी जाण आली. पण माझे वाक्य नांदेडला पोचले. मुलगी फोनवर आत्याला बोलली, “तुला कळत नाही त्यात हात कशाला घालतेस? बाबा नको म्हणत होते ना?” तिच्या सांगण्यावरून ओव्हन चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. मीच तो चढवला. आक्का पुन्हा गॅसवर, सांडशीवर आली. मी रोज वर्गात जाऊन शिकवत राहिलो. कपॅसिटरचा धडा त्या वर्षी मी घाईने उरकला.

दिवाळीनंतर एके सकाळी उकळत्या वरणाचे पातेले तिच्या हातून निसटले आणि पाय पोळला. मुलगी नांदेडहून आली. मलमपट्टी करता करता ती पुन्हा रागावू लागली, “ओव्हन होता तो तू घालवलास, आत्या...”

“तो मी घालवला,” मी म्हणालो. आणि क्रमाने सगळे सांगितले: झाकण, भारनियमन, लाल तार, दवाखान्यातले वाक्य.

मुलगी हसली. “बाबा, तुम्ही तिला पाठीशी घालताय. तुम्ही असं करणं शक्यच नाही.”

सहा महिन्यांनी खरे बोललो, तर त्याचा मोठेपणाही मलाच मिळत होता. मी आक्काकडे पाहिले.

“हाव, खरं हाय,” आक्का म्हणाली. “मी इचारलं बी होतं. बघून घे म्हनलं होतं.”

मुलीचा पट्टी गुंडाळणारा हात थांबला. ती म्हणाली, “तो प्रश्न मला तुम्हीच दोन गुणांना घातला होता, बाबा.” तिने पट्टीची गाठ मारली आणि वर पाहिले नाही.

मी आक्काची माफी मागू लागलो. तिने मध्येच तोडले. “ते ऱ्हाऊ दे. आधी माळ्यावरची माझी पेटी खाली काढ. आन् त्या मिस्त्रीकडं ने.”

मिस्त्रीने आधी इन्सुलेशनच्या मुठीचा दांडा लावून कपॅसिटर रिकामा केला, मग हात घातला. आतला एक जोड जळून सैल झाला होता, आणि प्रभार आपोआप उतरवणारा छोटा रोधकही तुटलेला होता. “सर, लाइट गेली तरी ह्याच्या पोटात राहते नं,” तो समजावून म्हणाला. मी शिष्यासारखी मान हलवली.

ओव्हन आता चालतो. आक्का त्यात वरण गरम करते, मुलींचे डबे भरते. गेल्या आठवड्यात गीझरच्या बटणापाशी ती उभी होती. मी वर्तमानपत्रातून मान वर करून सांगितले, “बंद आहे, आक्का. खुशाल नळ सोड.”

तिने नळ सोडला नाही. जिन्याकडे जाऊन वरच्या मुलीला हाक मारली, “पोरी, खाली ये गं. हे बंद हाय का बघ.”

चाकूरची ती मुलगी आली आणि माझ्यासमोर संकोचून उभी राहिली. सरांचे म्हणणे सरांच्या देखत कसे तपासायचे, हे तिला कळेना.

“तपास,” मी म्हणालो. “नीट बघून सांग तिला.”

तिने बटण पाहिले, बोर्ड पाहिला आणि सांगितले. मग आक्काने नळ सोडला.