फाईल उघडायचा मान

मुरबाडहून माळशेजकडं जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडं एक गाव लागतं. नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्या गावात होळी पेटवायचा मान पाटलांचा, गावदेवीपुढं पहिला नारळ फोडायचा मान सरपंचांच्या घराचा, आणि पंचायतीच्या कंप्यूटरवरची पीडीएफ उघडायचा मान चांगो शिपायाचा. हसू नका. पहिले दोन मान वर्षातून एकदा येतात, चांगोचा रोज.

त्याआधी सारी हयात तो 'ए चांग्या' होता. चांग्या पाणी आण, चांग्या झेरॉक्स काढून ये. सरपंचांचा शाळकरी पोरगासुद्धा चांग्याच म्हणायचा, आणि ते चांगोला फार लागायचं. एक दिवस भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, मीटिंगला गेले असताना तो टेबल पुसत होता. फडकं माऊसवरून फिरलं आणि पडद्यावर चौकट आली: ही फाईल कशात उघडू? कायम तशीच उघडू का? आता चांगोला त्या ऑफिसात आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. तो हरखला. पहिलं दिसलं त्यावर टिचकी मारली आणि 'कायम'ला होकार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून गावातला प्रत्येक दाखला नोटपॅडमध्ये उघडायला लागला. नाव नाही, शिक्का नाही, नुसते किडे-मुंग्या. भाऊसाहेबांनी कंप्यूटर बंद करून चालू केला, सरपंचांनी त्याला उदबत्ती ओवाळली. शेवटी चांगो भीतभीत पुढं झाला, माऊसचं उजवं बटण दाबून ती चौकट परत आणली, खालचं दुसरं नाव निवडलं आणि दाखला उघडला. 'कायम'ला मात्र हात लावला नाही. तेवढी अक्कल देवानं त्याला बरोबर दिली होती.

झालं, त्या दिवसापासून 'चांगोमामा'. मामा, जरा येता का? मामा, चहा घेतलात का? आणि मामा चहा संपल्याशिवाय उठायचे नाहीत. बाहेर पायरीवर कातकरवाडीची ठकी रहिवासी दाखल्यासाठी बसलेली असायची, चांगोच्याच वयाची बाई. बसू दे की. तिला कुठं मंत्रालय गाठायचंय?

अशा सुखाच्या दिवसांत मनस्वी आली. नवी ऑपरेटर, मुरबाडची, डिग्री झालेली. पहिल्याच सकाळी तिनं कुणाला न विचारता चौकट आणली, नाव निवडलं, 'कायम'वर टिचकी मारली. "आता डबल क्लिक केलं की उघडेल."

"कोनालापन?" चांगोनं विचारलं.

"कोणालाही, मामा."

भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं भराभर दाखले उघडले. ठकीचा नंबर यायच्या आत लाईट गेली, ती तिची नेहमीची गत. मग भाऊसाहेब खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "ए चांग्या, चहा सांग रे."

चांगोनं चहा सांगितला. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "प्रेमा, माझी मामाकी गेली गो." आणि सगळी हकिगत सांगितली.

प्रेमा भाकरी थापत होती. "मंग कुलूप पयल्यांदा तुमीच लावलं ना? परत लावा."

सकाळी तो सगळ्यांच्या आधी फडकं घेऊन हजर. भाऊसाहेब आले, त्यांनी डबल क्लिक केलं, आणि पडदाभर किडे-मुंग्या. "चांगोमामा, अहो या की जरा."

मनस्वीनं चांगोकडं रोखून पाहिलं. "हे कोणी केलं?"

"मशीन हाय गो. त्याच्या मनाला येल तसं करतं."

ती पुढं बोलणार, तर भाऊसाहेबच खेकसले, "ए पोरी, मग तुला येतं तरी काय? जा, झेरॉक्स काढून आण." तिचं तोंड एवढंसं झालं. चांगोला ते तोंड चांगलंच ओळखीचं होतं, आणि त्याला वाईटही वाटलं. पण त्यानं फडकं उचललं आणि टेबल पुसायला घेतलं.

सोमवारी एक्सेलच्या फाईली बिघडल्या. घरपट्टी, पाणीपट्टी, रहिवाशांची यादी, सगळं नोटपॅडमध्ये. भाऊसाहेबांनी मामांना हाक मारली. चांगोनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा मनस्वीकडं. "ह्ये माझ्या खात्यातलं नाय," तो म्हणाला. मग मनस्वीनं उजवं बटण दाबलं, 'कायम'ला या वेळी तिनंही हात लावला नाही, आणि संध्याकाळच्या आत ती 'मॅडम' झाली. चांगोनं न सांगता तिच्यापुढं चहा आणून ठेवला.

आता एका दाखल्याला दोघं लागायला लागले. यादी मॅडम उघडणार, दाखला मामा उघडणार, आणि दोघांचा चहा चाललेला. पायरीवरून पडदा सरळ दिसतो. ठकीनं इतके दिवस बसून सगळं पाहिलं होतं, फडकंसुद्धा. त्या दिवशी ती उठली आणि उंबरा ओलांडून थेट टेबलापाशी आली.

"मना पन कायतरी बिघडवाया शिकवा," ती म्हणाली.

भाऊसाहेबांना काही कळलं नाही, ते हसले. मनस्वी खाली बघायला लागली. चांगोनं कप खाली ठेवला.

"ए ठके," तो म्हणाला, "भायेर बस."