गावाच्या चिन्हातला माड

श्री. सामसनजी कोर्लईकर यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या चपलांपासून. १९६६ साली, म्हणजे सहा दिवसांच्या लढाईच्या आदल्या वर्षी, मी आमच्या गावाच्या मोआत्सात, म्हणजे नगरपंचायतीच्या कचेरीत, टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्या सकाळी दारातच एक शिडी उभी होती आणि तिच्या वरच्या पायरीवर रंगाचे थेंब उडालेल्या चपला दिसत होत्या. वरून मराठीत आवाज आला, "पोरी, शिडीखालनं जाऊ नको. नवा फ्रॉक दिसतोय, रंग पडेल." मी अजून तोंडही उघडले नव्हते. मी आपल्यातली, मराठी बोलणारी यहुदी, हे त्यांना कसे कळले, असे पुढे एकदा विचारले, तर म्हणाले, "कचेरीच्या दारात चप्पल काढायला निघाली होतीस तू. एक काढलीपण होतीस."

सामसनजींना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला त्यांच्या कामाविषयी लिहायला सांगितले आहे, आणि ते मी लिहिणारच आहे. पण त्या कामात एक गोष्ट अशी आहे की ती समितीला ठाऊक नाही, गावाला नाही, माझ्या घरच्यांनाही नाही. अठरा वर्षे ती मी पोटात ठेवली. सामसनजींची परवानगी घेऊन ती आज इथे सांगते आहे.

आमचे गाव नेगेवच्या वाळवंटात, बेरशेबाहून बसने तासभर. तेव्हा घरे एकसारखी, रस्ते सरळ आणि दुपारचे ऊन असे की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलताना दिसे. त्या दुपारी कचेरीच्या भिंतीच्या सावलीत सामसनजी पाट्या रंगवत बसलेले असत. मुंबईत भायखळ्याला त्यांनी पंचवीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. इथे आले आणि उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे नशिबी आली. त्यांना हिब्रू वाचता येई ती फक्त प्रार्थनेची. बोलता येई ती बाजारापुरती. पण गावातली एकही पाटी तिरकी नाही, एकही अक्षर गर्दीत चेपलेले नाही. खडू लावलेली दोरी ताणून ते टणकन सोडत, एक डोळा मिटून बघत, आणि मगच ब्रश बुडवत. वाऱ्याबरोबर वाळू आली की ओल्या रंगावर स्वतःच्या सदऱ्याचा आडोसा धरून उभे राहत. शुक्रवारी दुपारी ब्रश धुऊन झाले की शनिवारचा विश्रांतीचा दिवस संपेपर्यंत बोटाला रंगाचा वास नको, हा त्यांचा नेम आजही आहे.

त्यांची आणखी एक जुनी सवय होती, मुंबईच्या पेंटर लोकांची. मोठी पाटी पुरी होईपर्यंत कुणाला दाखवायची नाही. पुढे चादर टांगायची, मागे एकट्याने काम करायचे. डिनाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, किती चांगल्या चादरी त्यात गेल्या याचा हिशेब काकूंनाच विचारावा. ही सवय पुढे महागात पडली.

गावाला स्वतःचे चिन्ह हवे असे ठरले ते त्याच उन्हाळ्यात. प्रत्येक गावाला असते, कागदावर छापतात, वेशीवर लावतात. तेल अवीवच्या एका चित्रकाराने ते काढून पाठवले. ढालीच्या आकाराची चौकट, तिच्या माथ्यावर तटाचे कंगोरे, मध्ये सूर्य, सूर्याखाली एक झाड, झाडाच्या बुंध्याशी यंत्राचे दातेरी चाक. एकेका गोष्टीला अर्थ होता. तट म्हणजे शहर, चाक म्हणजे कारखाना, झाड म्हणजे वाळवंटात उगवलेले जीवन. आमच्या गावाला तट सोडा, धड कुंपणही नव्हते. पण ते चिमुकले चित्र हातात घेतले की वाटे, आपण पत्र्याच्या छपरांखाली राहत नाही, जुन्या कुठल्या तरी नगरीत राहतो. मी ते कितीतरी वेळ बघत बसले होते.

कचेरीला मिळाली होती ती त्याची काळी-पांढरी, पुसट नक्कल. खाली रंगांची नावे लिहिलेली होती, झाडाचे नाव नव्हते. वेशीवरच्या मोठ्या फलकासाठी ती नक्कल सामसनजींकडे पोचवायचे काम माझ्याकडे आले. त्यांनी ती उन्हात धरली, एक डोळा मिटला आणि विचारले, "एस्तेर, हे झाड कुठलं गो?"

मी एकोणीस वर्षांची, शाळेत हिब्रू शिकलेली, कचेरीत बसणारी. आत जाऊन सेक्रेटरीसाहेबांना विचारणे दोन मिनिटांचे काम होते. पण विचारले तर या लोकांना एवढेही कळत नाही असे ते म्हणतील, या भीतीने मी गेले नाही. वयाच्या नवव्या वर्षी मी रेवदंडा सोडला होता. उंच खोड आणि वर झावळ्या, असे दुसरे झाड माझ्या मनात नव्हतेच. मी ठसक्यात सांगितले, "माडच की. दुसरं काय?"

"हिकडं माड?"

"काका, चिन्हात सिंह काढतात. गावात सिंह आहे का? चिन्हात असलेलं काढत नाहीत, हवं असलेलं काढतात."

ते माझ्याकडे पाहून हसले. "बरोबर बोललीस," म्हणाले, आणि चादर टांगायला गेले.

सहा दिवस ते चादरीमागे होते. त्या सहा दिवसांत मी त्यांना कधी पाहिले नाही इतके खुशीत पाहिले. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायचे आणि भलत्याच गोष्टी काढायचे: त्यांच्या वडिलांच्या वाडीतले शहाळे, समुद्रावरून वारा आला की झावळ्यांचा होणारा आवाज, मलिद्याच्या ताटात पोह्यांवर पडणारा ओला, दुधाळ कीस. इथे एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या मलिद्याला आम्ही पाकिटातला सुका कीस घालत होतो; मुंबईहून कुणी आला आणि त्याच्या पेटीत नारळ निघाला, तर तो आठ घरांत वाटला जाई. ऐकता ऐकता मला समोरचे वाळवंट दिसेनासे होई. त्याच आठवड्यात सामसनजींना पर्मनंट करण्याचा हुकूम माझ्या मशीनवर टाइप झाला होता. नऊ वर्षे ते रोजंदारीवर होते. फक्त सही बाकी होती.

समारंभाला यरुशलेमहून पाहुणे आले. चादर खाली आली. ढाल, तट, सूर्य, चाक, सगळे लखलखीत, आणि मध्ये किंचित वाकलेला, चार नारळांचा घड लगडलेला माड. आमची माणसे फलकाजवळ सरकली. मग कुणी म्हातारी ओरडली, "अगो बाय, आपला माड!" आणि बायका चक्क रडू लागल्या. मीही रडले, आनंदाने. सेक्रेटरीसाहेब मात्र एकदा हातातल्या कागदाकडे, एकदा फलकाकडे बघत होते. त्यांनी हळूच मला विचारले, "हे गोळे कसले?" तेव्हा मी त्यांच्या हातातल्या कागदात डोकावले.

झाड खजुराचे होते. सरकारी गॅझेटात खजूर छापून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सामसनजींना आत बोलावले. त्यांना पुरेशी हिब्रू येत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून मला उभे केले. साहेब माणूस वाईट नव्हते, पण भडकलेले होते. हे झाड धर्मशास्त्रात नाही, या देशात नाही, असे ते म्हणाले. त्या वर्षांत मुंबईकडून आलेल्या आम्हा लोकांना, तुम्ही खरे यहुदी तरी का, असे विचारून झाले होते. त्यामुळे ते वाक्य सांगताना माझी जीभ अडखळली. मग त्यांनी विचारले, "हे नारळाचे झाड आहे, असे याला कुणी सांगितले?"

मी मराठीत सांगितले, "काका, विचारतायत, तुम्हाला कुणी सांगितलं."

सामसनजींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "सांग त्यांना, कुणी नाही. माझे डोळे, माझा हात. चूक माझी, दुरुस्त मीच करीन."

आणि मी तेच हिब्रूत सांगितले. शब्दन् शब्द बरोबर. माझ्या नोकरीला जेमतेम तीन महिने झाले होते, घरी आई आजारी होती, ही कारणे खरी आहेत. पण मी गप्प बसले, हे त्याहून खरे आहे. साहेबांनी तो पर्मनंटचा हुकूम सही न करताच खणात ठेवून दिला. तो पुन्हा बाहेर यायला तीन वर्षे लागली. छप्पन्नाव्या वर्षापासून एकोणसाठाव्या वर्षापर्यंत सामसनजी रोजंदारीवर शिडी चढत राहिले, आणि रोज दुपारी मला म्हणत राहिले, "काय गो, जेवलीस का नीट?"

आमच्या तरुण मंडळींनी तेव्हा फलकाला हात लावू देणार नाही असा आवाज उठवला होता. सामसनजींनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि समजावले, "हे आपल्या दाराचं तोरण नाय रे. गावाचं चिन्ह हाय. मोरोक्कोवाला, रोमानियावाला, सगळ्यांना ते आपलं वाटलं पायजे." मग ते बसने खाली आरावाच्या खोऱ्यात गेले आणि दोन दिवस खजुरांच्या बागेत बसून झाड कागदावर उतरवत राहिले. परत येऊन त्यांनी माड खरवडला. शिडी मी धरली होती. भर दुपार होती, गाव झोपले होते, आणि वरून हिरव्या रंगाचे कपटे माझ्या केसांवर पडत होते. झावळ्या गेल्या, खोड गेले, तरी नारळ बराच वेळ तसेच हवेत लटकत राहिले. ते त्यांनी सगळ्यांत शेवटी काढले.

त्यांनी मग काढलेला खजूर इतका जिवंत उतरला की पुढे कचेरीच्या कागदांवर तेल अवीवच्या चित्राऐवजी त्यांचाच खजूर छापला जाऊ लागला. आज गावाच्या प्रत्येक पत्रावर तो आहे. नाव कुठेच नाही, आणि त्यांनी कधी मागितलेही नाही. माझी आई गेली तेव्हा तिच्या कबरीच्या दगडावर हिब्रूखाली मराठीत नाव लिहून द्यायला ते न बोलावता आले होते. त्या दिवशीही मी बोलणार होते, आणि बोलले नाही.

गेल्या महिन्यात अखेर त्यांच्या घरी गेले. म्हटले, "काका, ग्रंथात मला लिहायचंय की माड मी सांगितला होता. तुमची तीन वर्षं माझ्यामुळे गेली." डिनाकाकू आतून चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

सामसनजींनी उठून काकूंच्या हातातला चहा घेतला. मग म्हणाले, "लिही. पण पुरं लिही. दर सुक्कोथच्या सणाला लुलाव हातात धरून मी उभा राहतो. लुलाव म्हणजे खजुराचीच कोवळी झावळी ना? मला खजूर ओळखता येत नाही?"

मी थक्क झाले. "मग मला कशाला विचारलंत?"

"कुणीतरी माड म्हणावं, एवढंच पायजे होतं. एकट्याने म्हटलं तर माणूस येडा. दोघांनी म्हटलं की झाड उभं राहतं."

"आणि तीन वर्षं?"

"सहा दिवस वाडीत राहून आलो गो मी," ते म्हणाले. "तीन वर्षांत स्वस्त पडलं."

हे सगळे खरे, की माझ्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून केलेली आणखी एक मेहेरबानी, हे मला कळलेले नाही. डिनाकाकूंना विचारले, तर त्या नुसत्या पदराने डोळे पुसत होत्या. मी सामसनजींच्या पाया पडले आणि मनसोक्त रडले.

आपल्याकडे एकशेवीस वर्षे जगा असे म्हणतात. सामसनजींना अजून पंचेचाळीस उरली आहेत. ती निरोगी जावीत, त्यांच्या हाताला कंप आणि डोळ्यांना धूसरपणा कधी न यावा. आणि त्या वर्षांत एखाद्या दुपारी त्यांनी पुन्हा मला हाक मारून काहीतरी विचारावे, आणि मी पुन्हा, जराही न अडखळता, त्यांना चुकीचे उत्तर द्यावे.