दहा बाय आठमध्ये माझी जागा

गेल्या महिन्यातला पहिला रविवार, सकाळचे अकरा. ठरलेली रक्कम साडेचार हजार. हजर मी आणि दहिवलीचा एक सुतार. बायको बाहेर खिडकीशी, कारण त्याच्या दुकानात तिसऱ्याला जागा नव्हती. बारा वाजता मेहुणे जेवायला येणार होते आणि त्याआधी नवं घडीचं टेबल घरी न्यायचं होतं.

दुकान दहा फूट बाय आठ फूट. करवती छताला टांगलेल्या, स्क्रूच्या बाटल्या फळीखाली लटकलेल्या. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याची पेन्सिलीने काढलेली आकृती. कामाचं बाकसुद्धा भिंतीतून खाली उघडायचं. सुताराने ते उघडलं, त्यावर टेबल उलटं ठेवून शेवटचा पाय चिकटवला. तेव्हा मला दिसलं की बाकाने दार अडवलंय.

"दोन तास हलवायचं नाय," तो म्हणाला.

"मग मी बाहेर कसा जाऊ?"

"दोन तासांनी."

"अहो, दादा बाराला येतोय," बायको खिडकीतून म्हणाली.

"जागा लहान नाय, वहिनी. माणसं मधी उभी ऱ्हातात." असं म्हणून त्याने कानावरची पेन्सिल काढली, मला भिंतीला टेकवलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माझी आकृती काढली. कमरेशी पेन्सिल जरा लांबून फिरली.

मेहुणे जमिनीवर बसून जेवले. माझा डबा खिडकीतून आला. एक वाजता बाक भिंतीत गेलं. सुताराला साडेचार हजार रोख दिले, आकृतीत उभं राहूनच.